दोन सपाट पृष्ठभागांमधली हवा

संगणकाचा प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावर बसवलेला धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, यांच्यामध्ये एक करडा, चिकट लेप असतो. बाजारात त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. या लेपाविषयी एक समज चांगलाच रुजला आहे. लेप उष्णता उत्तम वाहून नेतो म्हणून तो लावायचा, आणि पाकिटावरचा आकडा जितका मोठा तितका प्रोसेसर थंड, असे दुकानदार सांगतो, दुरुस्ती करणारा मानतो आणि गिऱ्हाईक त्यावर पैसे मोजते. हा समज कितपत खरा आहे ते या लेखात तपासायचे आहे.

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. एक कारण असे की आपल्या हातातला अंक ज्या संगणकावर जुळवला गेला त्याच्याही पोटात हा लेप आहे. दुसरे कारण पैशाचे आहे. अक्षरजुळणी करणारे, वाचनालये, छोटी कार्यालये, मुलांच्या शिक्षणासाठी एकच लॅपटॉप घेऊ शकणारी घरे यांची यंत्रे पाचसहा वर्षांत 'म्हातारी' ठरवून बाद केली जातात. गेली वीसेक वर्षे मी अशी यंत्रे उघडून पाहतो आहे. मी अभियंता नाही, शिक्षण वाणिज्य शाखेचे. जे कळले ते पुस्तकांतून, उत्पादकांच्या तांत्रिक पत्रकांतून आणि स्क्रू-ड्रायव्हरने. बाद ठरलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांचा आजार धूळ आणि वाळलेला लेप एवढाच निघतो, हे मात्र खात्रीने सांगू शकतो.

हा आजार ओळखू का येत नाही, ते आधी पाहू. २००१ साली 'टॉम्स हार्डवेअर' या परीक्षण करणाऱ्या मंडळींनी एक चित्रफीत प्रसिद्ध केली होती. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरून त्यांनी हीटसिंक उचलला. एएमडीच्या ॲथलॉनमधून काही क्षणांत धूर निघाला आणि तो कायमचा गेला. इंटेलचा पेंटियम-४ मात्र वेग कमी करून रडतखडत चालत राहिला. आज सगळेच प्रोसेसर दुसऱ्या प्रकारचे आहेत. शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासची ठरलेली मर्यादा आली, की ते आपणहून वेग उतरवतात. ही सोय उत्तमच, पण तिच्यामुळे रोग लपतो. मालकाला उष्णता दिसत नाही, दिसतो तो मंदपणा. मग कोणी व्हायरस शोधतो, कोणी विंडोज नव्याने टाकतो, आणि शेवटी 'आता नवाच घ्या' असा सल्ला मिळतो. माझ्या ओळखीच्या एका अक्षरजुळणीकाराचा लॅपटॉप सकाळी नीट चाले आणि दुपारी बारानंतर पान उलटायलाही वेळ लावी. ऐन ऑक्टोबरात, अंकांच्या गर्दीत, त्याने नव्या लॅपटॉपसाठी कर्ज काढायची तयारी केली होती. जुन्यात दुपारी बिघडणारी एकच गोष्ट होती, खोलीचे तापमान. लेप बदलल्यावर त्याच लॅपटॉपवर त्याने आणखी दोन दिवाळ्या काढल्या.

आता मूळ मुद्दा. २०१२ साली आलेला इंटेलचा चार गाभ्यांचा 'आयव्ही ब्रिज' प्रोसेसर उदाहरणाला घेतो, कारण पुढे त्याची कहाणीही सांगायची आहे. त्याची सिलिकॉनची चकती साधारण १६० चौरस मिलिमीटरची, म्हणजे लहानशा टपाल तिकिटापेक्षाही छोटी. पूर्ण भारावर तिच्यातून ७७ वॅट उष्णता बाहेर पडावी असे गृहीत धरलेले. हजार वॅटच्या घरगुती इस्त्रीचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो; म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. या चकतीतून दर चौरस सेंटिमीटरला ४८ वॅट निघतात. इस्त्रीच्या दहापट. आणि इस्त्री तापावी म्हणूनच केलेली असते.

ही उष्णता तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात उतरवायची आणि पंख्याच्या वाऱ्यावर सोडायची, एवढेच काम. अडचण येते ती सांध्यात. डोळ्याला आरशासारखे सपाट दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगररांगांसारखे असतात. एकावर एक ठेवले की ते मोजक्या शिखरांवरच टेकतात आणि उरलेल्या साऱ्या दऱ्यांत हवा भरून राहते. उष्णतावाहकता 'वॅट प्रति मीटर प्रति केल्विन' या एककात मोजतात. तांब्याची सुमारे ४००, ॲल्युमिनियमची त्याच्या निम्मी किंवा थोडी अधिक, सिलिकॉनची १५०च्या आसपास. हवेची ०.०२६. आणि चांगल्या थर्मल पेस्टची? ४ ते १०.

हा आकडा नीट पाहावा. ज्याला आपण उष्णतेचा उत्तम वाहक समजतो तो लेप तांब्यापेक्षा चाळीस ते शंभर पटींनी वाईट आहे. उष्णतेच्या वाटेवरचा तो सर्वांत खराब टप्पा आहे. त्याची किंमत एवढ्यासाठीच, की तो हवेपेक्षा दीडशे ते चारशे पटींनी बरा आहे. त्याचे काम हवेला हुसकावून तिची जागा घेण्याचे. रंगारी भिंतीला लांबी भरतो तेव्हा खड्डे तेवढे भरतो आणि वर राहिलेली लांबी पत्र्याने खरवडून काढतो. लांबीचीच भिंत उभारत नाही. लेपाचेही तसेच. जिथे धातू धातूला टेकतो तिथे तो नकोच आहे.

ही गोष्ट जुन्या ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांना ठाऊक होती. गणेशोत्सवातल्या कर्ण्यांमागे जे ॲम्प्लिफायर असत, त्यांतल्या २एन३०५५ सारख्या जाड ट्रान्झिस्टरांखाली अभ्रकाची पातळ चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरा लेप लावत. तो सिलिकोन तेलात कालवलेला झिंक ऑक्साइड. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'हीटसिंक कंपाउंड' म्हणून मिळते ते हेच. कसबी माणूस तो बोटाने इतका पातळ पसरी, की खालचा धातू दिसत राही.

थर जाड झाला तर काय होते? गणित अवघड नाही. फूरियेने १८२२ साली उष्णतेवरच्या ग्रंथात मांडलेल्या नियमापलीकडे त्यात काही लागत नाही. थराची जाडी वाढली की अडथळा त्याच प्रमाणात वाढतो, वाहकता आणि क्षेत्रफळ वाढले की कमी होतो. वर सांगितलेल्या चकतीवर ५ वाहकतेचा लेप ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहूनही थोडा पातळ, लावला तर त्या थराच्या दोन बाजूंत सुमारे ५ अंशांचा फरक पडतो. थर १५० मायक्रॉनचा झाला तर १४ अंश. दुप्पट किमतीचा, १० वाहकतेचा लेप आणून पुन्हा १५० मायक्रॉन लावला तर ७ अंश. म्हणजे स्वस्त लेप पातळ लावण्यापेक्षा हे वाईटच. आणि लेपाऐवजी ५० मायक्रॉन हवाच असती तर गणित नऊशे अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण शिखरे टेकलेली असतात आणि प्रोसेसर त्याआधीच हात टेकतो. पण हवा हा केवढा शत्रू आहे ते यावरून कळते.

आयव्ही ब्रिजची कहाणी या गणिताला पुष्टी देते. डेस्कटॉप प्रोसेसरांच्या चकतीवर निकेलचा मुलामा दिलेले तांब्याचे झाकण असते, आणि हीटसिंक त्या झाकणावर बसतो. म्हणजे सांधे दोन: चकती ते झाकण आणि झाकण ते हीटसिंक. २०११च्या 'सँडी ब्रिज' पिढीत इंटेलने पहिला सांधा इंडियम धातूच्या डाकाने जोडला होता. पुढल्या वर्षी आयव्ही ब्रिजमध्ये डाक जाऊन लेप आला. वेग वाढवून वापरणाऱ्यांच्या लगेच लक्षात आले, की नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा अधिक तापतो. जपानमधल्या 'पीसी वॉच'ने झाकण उचकटून आतला लेप बदलून पाहिला, तर वाढीव वेगावर दहा अंशांहून अधिक फरक पडला. इंटेलने हलका लेप वापरून पैसे वाचवले, असा बोभाटा झाला.

मग काही चिकाटीच्या हौशी मंडळींनी एकेक गोष्ट वेगळी करून मोजली आणि चित्र पालटले. इंटेलचा लेप तसा वाईट नव्हता. झाकण ज्या काळ्या गोंदाने कडेला चिकटवले होते त्या गोंदाच्या जाडीमुळे झाकण चकतीपासून किंचित वर राहत होते. झाकण काढताना गोंद खरवडला जाई, फट मिटे, आणि श्रेय नव्या लेपाला मिळे. २०१८च्या अखेरीस इंटेलने आय९-९९००के या प्रोसेसरात डाक परत आणला. इंडियमची वाहकता ८०च्या घरात, कोणत्याही लेपाच्या कितीतरी पट. तरीसुद्धा 'डेरबाउअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन हार्टुंग या जर्मन तंत्रज्ञाने तो डाक काढून द्रवधातूचा पातळ थर दिला, तेव्हा तापमान आणखी उतरले. डाकाचा थर जाड होता. आकड्याने जिंकलेले जाडीने घालवले, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

पाकिटावरच्या आकड्याविषयीही थोडे सांगायला हवे. हा आकडा मोजण्याची एएसटीएम डी-५४७० ही प्रमाणित पद्धत आहे, पण कोणता दाब देऊन, किती जाडीच्या थरावर मोजला हे पाकिटावर क्वचितच असते. त्यातच लेपाच्या घडणीत एक पेच आहे. लेप म्हणजे तेलात कालवलेली भुकटी. ॲल्युमिनियम ऑक्साइड, झिंक ऑक्साइड, बोरॉन नायट्राइड, चांदी, क्वचित हिऱ्याचीसुद्धा. हिऱ्याची वाहकता २०००च्या आसपास. पण कण तेलात विखुरलेले असतात. नदीतल्या दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाताना दगड कितीही कोरडे असोत, दोन दगडांच्या मधले पाणी चुकत नाही. उष्णतेचे तसेच होते, आणि सिलिकोन तेलाची वाहकता असते अवघी ०.१५. म्हणून हिऱ्याचा लेप हिऱ्यासारखा वागत नाही. कण मोठे घेतले तर मधले तेलाचे टप्पे कमी होऊन आकडा वाढतो, पण दोन पृष्ठभाग मोठ्या कणाच्या जाडीपेक्षा जवळ येऊच शकत नाहीत. म्हणजे आकडा वाढवण्याचा उपाय थर जाड करण्याचाच उपाय ठरू शकतो.

तेव्हा निवड कशी करावी? उत्तर यंत्रावर अवलंबून आहे. डेस्कटॉपमध्ये आपण झाकण ते हीटसिंक हाच सांधा हाताळतो, आणि झाकणाचे क्षेत्रफळ नऊएक चौरस सेंटिमीटर. तिथे ५० मायक्रॉनच्या थरात फरक पडतो तो गणिताने एखाद्या अंशाचा, उष्णता झाकणाच्या मध्यावर एकवटते हे धरले तर दोनतीन अंशांचा. म्हणून आर्क्टिक एमएक्स-४ सारख्या प्रसिद्ध, विजेचा वाहक नसलेल्या मध्यम किमतीच्या लेपापुढे जाण्यात डेस्कटॉपवाल्याला फारसा अर्थ नाही. लॅपटॉपमध्ये झाकण नसते. हीटसिंकची तांब्याची पट्टी थेट उघड्या चकतीवर बसते. पैसे खर्च करायचेच तर ते इथे करावेत, पण मोठ्या आकड्यासाठी नव्हे, घट्ट राहणाऱ्या लेपासाठी. त्याचे कारण पुढे येते.

द्रवधातूचा मोह अनेकांना होतो. सोनीने २०२०च्या प्लेस्टेशन-५ मध्ये तो वापरल्यापासून जास्तच. तो गॅलियमचा मिश्रधातू असतो आणि तापमान खरोखर उतरवतो. पण गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणरचनेत शिरून त्याचा भुगा करतो, आणि तो विजेचा वाहक असल्यामुळे एखादा थेंब शेजारच्या मंडलावर ओघळला तर यंत्र संपले. ज्याला यंत्रावर रोजी कमवायची आहे त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टूथपेस्टचे प्रयोगही लोक करतात. पहिल्या दिवशी ती चांगलीच चालते, कारण हवा तीही घालवते. मग तिच्यातले पाणी उडते आणि तडकलेल्या खडूच्या फटींतून हवा परत येते.

लावण्याच्या रीतीविषयी भांडणे फार. मधोमध ठिपका द्यावा, फुली काढावी, रेघ ओढावी की पत्र्याने पसरावे? झाकणावर यांतल्या कोणत्याही रीतीने फारसे बिघडत नाही, कारण स्क्रूंचा दाब लेप पसरवतो. जास्तीचा लेप कडेने बाहेर येतो, घाण होते, इतकेच. कमी पडला तर मात्र कोपऱ्यात हवा राहते. तेव्हा प्रमाण किती? इंग्रजी सूचनांत वाटाण्याएवढा म्हणतात. आपल्या उसळीतला वाटाणा डोळ्यांपुढे आणला तर ते चौपट होईल. हिशेब करू: नऊ चौरस सेंटिमीटर, ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०४५ घनसेंटिमीटर. याचा गोळा साडेचार मिलिमीटर व्यासाचा होतो. तुरीचा अख्खा दाणा. लॅपटॉपच्या उघड्या चकतीला ज्वारीचा दाणा पुरे, पण तिथे तो ठिपका ठेवून दाबू नये; स्वच्छ प्लास्टिकच्या तुकड्याने कडेपर्यंत हाताने पसरावा, कारण उघड्या चकतीचा न झाकलेला कोपरा सोसणार नाही.

खरी मेहनत लावण्याआधी असते. जुना लेप राहिला तर नवा थर त्याच्यावर बसतो आणि जाडी वाढते. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्मा पुसायचे, तंतू न सुटणारे कापड घेऊन दोन्ही पृष्ठभाग चमकेपर्यंत पुसावेत. हात निर्जंतुक करायचे जेल वापरू नये; त्यातले ग्लिसरीन मागे राहते. पंख्यातली आणि पातळ पत्र्यांच्या जाळीतली धूळ याच वेळी काढावी, आणि फुंकताना पंखा बोटाने धरून ठेवावा. पुष्कळदा निम्मा फायदा या धुळीतच असतो, हे लेपाच्या जाहिरातीत कोणी सांगत नाही. हीटसिंक एकदा टेकवला की उचलून 'पसरला का' म्हणून पाहू नये. उचलताना थर फाटतो आणि परत बसवताना त्यात बुडबुडे अडकतात. उचललाच तर पुसून नव्याने लावावा. स्क्रू चारचाकीच्या चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे, थोडेथोडे फिरवत आवळावेत. लॅपटॉपच्या पट्टीवर बहुधा १, २, ३, ४ असे आकडेच कोरलेले असतात.

घट्ट लेप का, ते आता. तांबे तापले की सिलिकॉनच्या साधारण सहापट प्रसरण पावते. यंत्र दिवसातून अनेकदा तापते, निवते, आणि प्रत्येक वेळी हे दोघे एकमेकांवर किंचित सरकतात, वाकतात. मधला पातळ लेप या हालचालीने हळूहळू कडेला ढकलला जातो. झाकणावर हे फारसे जाणवत नाही. उघड्या, तापट चकतीवर पातळ लेप काही महिन्यांत मधूनच विरळ झालेला मी पाहिला आहे. म्हणून लॅपटॉपसाठी दाट लेप घ्यावा, किंवा हनीवेलच्या पीटीएम-७९५० सारखा, खोलीच्या तापमानाला घन आणि ४५ अंशांच्या आसपास मऊ होणारा पापुद्रा. काही लॅपटॉपांत उत्पादक स्वतःच तो बसवतात. नकली माल त्यात बराच येतो, एवढे सांभाळावे. तो अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला की वरचे प्लास्टिक न फाटता सुटते.

हवामानाचा भाग लेपाच्या हाती नाही. पंख्याने थंड होणारे यंत्र खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि खोली एका अंशाने तापली की प्रोसेसरही जवळपास एका अंशाने तापतो. महाबळेश्वरात २० अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७२ वर चालतो तोच मे महिन्यात चंद्रपूरला ४५ अंशांत ९७ वर असेल, लेप कितीही ताजा असो. तेव्हा लेप बदलण्याआधी आणि नंतर मोजायचे असेल तर दोन्ही वेळा खोलीचे तापमान लिहून ठेवावे, सारखेच काम सारखाच वेळ द्यावे, आणि प्रोसेसरच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करून तुलना करावी. पंधरा-वीस मिनिटांच्या आतले आकडे धरू नयेत; हीटसिंकचा धातू तोवर तापतच असतो. विदर्भात असाल तर हे काम मार्चमध्येच उरकून घ्यावे.